यूशिवायचा क्यू

क्यू या इंग्रजी अक्षराबद्दल माझं पूर्वी काहीही वाईट मत नव्हतं. एकोणीस वर्षं मी इबादानमधल्या एका सरकारी कचेरीत कारकुनी करतोय. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण अजून पेन्शन मिळायची आहे. या एकोणीस वर्षांत बाकीच्या पंचवीस अक्षरांनी मला वेळोवेळी त्रास दिला, पण क्यू आपला आज्ञाधारक. तो आला की पाठोपाठ यू यायचा, दोघं मिळून कुठल्यातरी शब्दात जाऊन बसायचे, आणि मी पुढच्या ओळीला लागायचो.

मग आमच्या खात्यात स्क्रॅबलची निवड-स्पर्धा झाली.

आमच्याकडे स्क्रॅबल लोक फुटबॉलइतकंच मनाला लावून घेतात. फरक एवढाच, की फुटबॉलमध्ये हरलेला माणूस पंचाला शिव्या देतो आणि स्क्रॅबलमध्ये हरलेला शब्दकोशाला. कॅन्टीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत अंतिम डाव होता. माझ्यासमोर हिशेबतपासणीच्या मिस इतोहान. डाव संपत आला तेव्हा मी पुढे होतो. माझ्या हातात एकच सोंगटी उरली होती, क्यूची. यू सगळे संपलेले. मिस इतोहाननं आपली शेवटची अक्षरं टाकली, माझ्या क्यूचा दंड तिच्या गुणांत पडला, आणि मी आठ गुणांनी हरलो.

एवढ्यावर भागलं असतं. पण ती उठता उठता म्हणाली, "मिस्टर गनियू, क्यू धरून उभे राहिलात वाटतं? नंबर लागला की कळवा हं!"

सगळं कॅन्टीन हसलं. आमच्या संचालक मॅडमना तर हसताना मोइन-मोइनचा घास लागला आणि दोन शिपाई त्यांच्या पाठीवर थापटायला धावले. आंतरखाते स्पर्धेसाठी प्रत्येक खात्यातून दोघं जाणार होते, म्हणजे दुसरा म्हणून माझीही निवड झालीच. पण ते अभिनंदन कुणी केलं नाही. संध्याकाळपर्यंत टपाल विभागातली पोरंसुद्धा मला पाहून रांगेत उभी राहू लागली.

घरी येताना शेजारचे मिस्टर ओक्वुदिली फाटकात भेटले. हे भूगोलाचे निवृत्त मास्तर. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे जगातल्या प्रत्येक प्रश्नावर एक पद्धत असते आणि ती पद्धत ऐकून घेतल्याशिवाय ते फाटक सोडत नाहीत.

"यू नसलेले क्यूचे शब्द पाठ करा," ते म्हणाले. "कामापुरते चाळीस आहेत. प्रत्येक शब्दाची चिठ्ठी करायची, घरभर चिकटवायची. जिथं नजर जाईल तिथं शब्द. आणि चिठ्ठीवर तारीख घाला, म्हणजे सात दिवसांनी उजळणी करायची ते कळतं. चुकलेला शब्द तीनदा लिहायचा. माझ्या विद्यार्थ्यांनी या पद्धतीनं अख्ख्या आफ्रिकेतल्या नद्या पाठ केल्या."

मी उत्साहानं घरात शिरलो आणि बायकोला बातमी दिली. माझी बायको सिदिकात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. तिनं वहीतून मान वर न करता विचारलं, "शब्दांचे अर्थ?"

"अर्थ लागत नाही त्या खेळात."

"तितीचे बाबा, अर्थ माहीत नसलेला शब्द मांडणं म्हणजे नाव माहीत नसलेल्या माणसाला घरात झोपायला जागा देणं. खाली अर्थ लिहीत जा. उद्या कुणी विचारलं तर तोंड कुठं लपवाल?"

आमची मुलगी तिती वसतिगृहात असते, त्यामुळे शाळेत देऊन उरलेली सगळी शिस्त घरात मलाच लागते. मी कबूल झालो.

आठवडाभरात घराचं रूप पालटलं. चहाच्या डब्यावर 'कात': चघळायची पानं. न्हाणीघरातल्या नळावर 'कनात': जमिनीखालचा पाण्याचा पाट. नळाला पाच दिवस पाणी नव्हतं, त्यामुळे ही चिठ्ठी फारच झोंबायची. आरशावर 'काजी': न्यायाधीश. माझ्या कपाटावर 'फकीर', तो सिदिकातनं स्वतः निवडून चिकटवला. रोज सकाळी मी हे शब्द मोठ्यानं घोकायचो. घशातून क काढत काढत. तिसऱ्या दिवशी ओक्वुदिलीबाईंनी कडू पाल्याचा रस पाठवला आणि 'घसा फार दिवस दुखत असेल तर तपासून घ्या' असा निरोपही.

सदतीस शब्द बसले. उरलेल्या तिनांत सगळ्यात अडला तो नेमका आमच्या रोजच्या कानावरचा, तलाक. लहानपणापासून ऐकलेला शब्द, पण इंग्रजीत लिहायला गेलो की कधी शेवटी के पडायचा, कधी मधे दोन ए. शेवटी मास्तरांची पद्धत काढली. एक मोठा पांढरा कागद घेतला आणि ठळक अक्षरांत तीनदा लिहिलं: तलाक, तलाक, तलाक. खाली अर्थ: पतीने पत्नीला सोडल्याची घोषणा. खाली तारीख. आणि एकोणीस वर्षांच्या सवयीनं, तारखेखाली माझी सही. सरकारी कारकुनानं तारीख घातली की हात आपोआप सहीकडे जातो, त्यात माणसाचा काही दोष नाही. कागद मी झोपायच्या खोलीच्या दारावर लावला.

सिदिकात तेव्हा घरी नव्हती. ती मोठी बॅग घेऊन दहा दिवसांसाठी अबेओकुटाला पेपर तपासायला गेली होती. तिथं तपासनिसांचे फोन दिवसभर जमा करून घेतात.

त्या शनिवारी मी कचेरीत सरावाला गेलो असताना सासूबाई इजेबूहून आल्या. न कळवता. पाच सुरण, धुरी दिलेले मासे आणि गारीची, म्हणजे कसाव्याच्या रव्याची, गोणी घेऊन. किल्ली मास्तरांकडे होती. पुढचा संवाद मला नंतर मास्तरांनीच शब्दशः सांगितला, आणि त्यात आपलं काय चुकलं हे त्यांना अजून कळलेलं नाही.

"माझी मुलगी कुठाय?"

"ती गेली. मोठी बॅग घेऊन."

"कधी येणार?"

"मला काही बोलली नाही."

"आणि जावई?"

"त्यांचं काय विचारता! महिनाभर त्यांच्या डोक्यात एकच बाई आहे. ऑफिसातली. इतोहान."

यानंतर सासूबाई घरात शिरल्या आणि सामान ठेवायला झोपायच्या खोलीकडे गेल्या.

मी परत आलो तेव्हा त्या शांत होत्या. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. जेवायला 'आमाला', म्हणजे सुरणाच्या पिठाचा गोळा, आणि एवेदूची पालेभाजी होती, पण वाढताना मांसाचा एकही तुकडा त्यांनी माझ्या वाटीत पडू दिला नाही. मी मनात म्हटलं, बघा, माझ्या रक्तदाबाची यांना किती काळजी. दारावरचा कागद दिसेना, तर तो पंख्याच्या वाऱ्यानं उडाला असेल असं समजून मी दुसरा लिहायला बसलो. सासूबाई समोर बसून पाहत होत्या. मी त्यांना विचारलं, "आई, शेवटी के की क्यू?" त्या उठून आत गेल्या.

रविवारी अकरा वाजता फाटकाशी एक मिनीबस थांबली. तिच्यातून सिदिकातचे थोरले काका अल्हाजी बुसारी उतरले, मग दोन मावश्या, एक आत्या, आणखी तिघं पुरुष ज्यांना मी लग्नानंतर पाहिलेलं नव्हतं. सगळे ठेवणीतल्या कपड्यांत. मावश्यांची डोक्याला बांधलेली वस्त्रं इतकी ताठ, की त्यांना दारातून तिरकं यावं लागलं. माझा ऊर भरून आला. माझ्या निवडीची बातमी इजेबूपर्यंत पोचली होती तर!

सगळे बसले. काकांनी घसा साफ केला.

"गनियू, हे कधीपासून डोक्यात होतं तुझ्या?"

"गेल्या महिन्यापासून, काका. ऑफिसात सगळ्यांसमोर अपमान झाला, त्याच दिवशी ठरवलं."

"कुणी केला अपमान?"

"मिस इतोहान. हे सगळं तिच्यामुळेच."

"नाव सांगतोय!" थोरल्या मावशी धाकटीला म्हणाल्या. "लाज बघ. वर नाव सांगतोय!"

"आणि सिदिकातला ठाऊक आहे?"

"म्हणजे काय! तीच म्हणाली, नुसतं लिहू नका, खाली अर्थही लिहा."

सासूबाईंनी ओढणी तोंडावर घेतली. "माझी गरीब गाय! शेवटपर्यंत नवऱ्याच्या शुद्धलेखनाची काळजी!"

काका पुढे झुकले. "तीनदा लिहिलंस."

"तीनदा लिहिल्याशिवाय पक्कं होत नाही, काका."

"ते आम्हालाही ठाऊक आहे," काका फार गंभीरपणे म्हणाले. "आता मला सांग, माघार घ्यायची तयारी आहे का?"

"आता? आता कसं शक्य आहे? मॅडमची सही झाली, नाव वर गेलं. पंधरा तारखेला टाउन हॉलमध्ये सगळ्या शहरासमोर आहे. तुम्ही सगळ्यांनी यायचं हं, पुढच्या रांगेत जागा ठेवतो."

आत्याबाईंना पाणी द्यावं लागलं.

तेव्हा सासूबाईंनी कमरेच्या बटव्यातून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर आपटला. मी तो पाहिला. तीन ओळी, अर्थ, तारीख, सही. आणि माझ्या लक्षात आलं.

माणसाच्या लक्षात आल्यावर त्यानं गप्प बसावं. मी घाईघाईनं म्हणालो, "अहो काका, हा तर खेळ आहे!"

"खेळ?" काका उभे राहिले. त्यांच्याबरोबर ते तीन अनोळखी पुरुषही. "तलाक तुला खेळ वाटतो?"

"दहा गुणांचा क्यू आहे त्यात..." मी बोललो आणि पुढचं वाक्य गिळलं. मी घरभरच्या चिठ्ठ्या दाखवायला लागलो. पण मावशींचं बोट आधी नेमकं कपाटावर गेलं. 'फकीर.' "हे बघा, संसार सोडून निघायचीच तयारी आहे याची!"

अशा वेळी सिदिकात आली. आदल्या संध्याकाळी फोन परत मिळाल्यावर तिनं आईचे बावीस निरोप ऐकले होते आणि सकाळी मिळाली त्या पहिल्या बसनं, दोनशे बारा पेपर तसेच टाकून ती निघाली होती. लाल पेन अजून केसांत खोचलेलं. कुणी काही बोलायच्या आत तिनं कागद उचलून वाचला. वरून खाली. मग पुन्हा वरून.

"स्पेलिंग बरोबर आहे," ती म्हणाली.

मला वाटलं, सुटलो. मी हसलोसुद्धा. ती हसली नाही.

"आईनं सांगितलं तेव्हा मला लगेच तुमचा खेळ आठवला. अगदी लगेच. पण बसमध्ये दोन तास होते, तितीचे बाबा. मी उगाच आठवत बसले, आपलं शेवटचं भांडण कशावरून झालं. आठवेना. मग वाटलं, भांडणही आठवत नाही म्हणजे आपण बोलतो तरी का एकमेकांशी? महिनाभर तुम्ही भिंतींशी बोलताय. मी गेले त्या दिवशी तुम्ही मला काय म्हणालात, ठाऊक आहे?"

मला आठवेना.

"जाताना दाराला धक्का लावू नकोस, चिठ्ठी पडेल, असं म्हणालात." ती कागदाची घडी घालत राहिली. "क्यूला यूशिवाय राहायला शिकवत होतात ना? शिकला असेल आता."

सदतीस शब्द पाठ होते मला, अर्थासकट. त्यातला एकही उपयोगाचा निघाला नाही. मी जमिनीवर उतरलो आणि पालथा पडलो, छाती, हात, हनुवटी, सगळं फरशीला लावून. सासरच्या वडीलधाऱ्यांपुढे जावई असा पडतो, यात नवल नाही. काकांनी आशीर्वादासाठी हातही उचलला होता. पण माझं डोकं काकांकडे नव्हतं, सिदिकातच्या चपलांकडे होतं. नवरा बायकोपुढे पडलेला मावश्यांनी साठ वर्षांत पाहिला नव्हता.

"उठा," थोड्या वेळानं सिदिकात म्हणाली. "फरशी पुसलेली नाहीये. शर्ट मलाच धुवावा लागेल." पण तिचा आवाज जरा ओला होता, आणि तिनं मला उठायला हात दिला.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण बस भाड्यानं घेऊन आलेली माणसं काही निर्णय केल्याशिवाय परत जात नाहीत. काकांनी पिशवीतून घराण्याची वही काढली. बारशी, लग्नं, मयती, भांडणं, सगळं तिच्यात. त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: "गनियू यांनी दिलेला तलाक कुटुंबासमोर मागे घेतला."

"काका, पण मी दिलाच नव्हता!"

"मग मागे काय घेतलंस?"

"काहीच नाही."

"काहीच मागे न घेता माणूस अर्धा तास फरशीवर पडतो का? सही कर."

अर्धा तास नव्हता, फार तर दोन मिनिटं. पण खाली तारीख घातलेली दिसली आणि माझ्या हातानं सही केली. मग जोलोफ भात झाला, तळलेली केळी झाली, आणि सासूबाईंनी माझ्या वाटीत मांसाचे चार तुकडे घातले. रक्तदाबाचं कुणी नाव काढलं नाही.

सोमवारी कचेरीत कल्याण विभागाचे मिस्टर लावाल माझी वाट पाहत होते. त्या तीन अनोळखी पुरुषांपैकी एकाचा भाचा आमच्या टंकलेखन विभागात निघाला.

"वैवाहिक स्थितीत बदल झाल्याचं कळलं," ते हळव्या आवाजात म्हणाले. "हा फॉर्म. तीन प्रती."

"काहीच बदल झालेला नाही."

"मग बदल न झाल्याचा दाखला आणा. तोवर तुमची फाइल अपूर्ण. फाइल अपूर्ण तर स्पर्धेसाठी वर गेलेलं नाव परत येईल."

मी कोर्टात गेलो. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, इथं घटस्फोट झाल्याचा दाखला मिळतो, न झाल्याचा मिळत नाही. "न झालेल्या गोष्टींचे दाखले द्यायला लागलो तर, साहेब, आम्हाला इमारत पुरणार नाही." मुद्दा बिनतोड होता. लग्नाचा दाखला नेला, तर लावाल म्हणाले हा सतरा वर्षं जुना आहे, तेव्हाचं लग्न तेव्हा होतं यात कुणाला शंका नाही. सिदिकातला स्वतः घेऊन गेलो. ती म्हणाली, "मी यांची बायको." लावालनी नम्रपणे विचारलं, "कागद आहे का तसा?"

कागद एकच होता. अल्हाजी काकांच्या वहीतल्या पानाची प्रत, काकांच्या सहीशिक्क्यासह, ज्यात मी तलाक दिला आणि मागे घेतला असं स्वच्छ लिहिलं होतं. लावालनी ती वाचली, समाधानानं मान डोलावली आणि फाइलला लावली. म्हणजे मी विवाहित आहे हे सरकारदरबारी आज सिद्ध आहे, पण ते मी बायकोला एकदा सोडलं होतं या पुराव्यावर.

राहिली स्पर्धा. पाच डाव खेळलो. पाचही डावांत क्यू माझ्याकडे आला, आणि प्रत्येक वेळी त्याला चिकटून यू! चाळीस शब्दांची पलटण तयार ठेवून मी दिवसभर 'क्वीन': राणी, 'क्वॉरल': भांडण, 'क्वाएट': शांत, असले तिसरीच्या पुस्तकातले शब्द मांडत होतो. सोळा जणांत नववा आलो. मिस इतोहान उपान्त्य फेरीत हरली. चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली, जरा अवघडून म्हणाली, "मिस्टर गनियू, त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी जास्तच बोलले. माफ करा. तुमच्या घरचंही ऐकलं. पण एक कळलं नाही, त्यात माझं नाव कसं आलं?"

"शेजारी भूगोलाचे मास्तर राहतात," मी म्हणालो.

पुढच्या रांगेत सिदिकात आणि सासूबाई बसल्या होत्या. मी हरल्यावर सर्वांत मोठ्या टाळ्या सासूबाईंनी वाजवल्या. त्यांना वाटलं, मी हरलो म्हणजे तो तलाक आता कायमचा रद्द झाला.

याला आता चार महिने झाले. मागच्या शनिवारी दुपारी रशिदी आला, सिदिकातचा चुलतभाऊ. लग्नाला वर्ष झालेलं. फ्रीज कुठं ठेवायचा यावरून भांडण झालं आणि बायको माहेरी निघून गेली. अल्हाजी काकांनी त्याला सांगितलं होतं, 'इबादानला गनियूकडे जा. या बाबतीत घराण्यात अनुभवी माणूस तो एकच. वहीत आहे.'

एकोणीस वर्षांत माझा सल्ला विचारायला कुणी इतक्या लांबून आलं नव्हतं. मी टोपी घातली, पाहुणचाराचा कोला नट पुढे ठेवला, पंखा त्याच्याकडे वळवला. रशिदी खुर्चीच्या काठावर बसला होता, डोळे सुजलेले.

"दाजी, तुम्ही ताईला परत कसं आणलंत?"

मी बराच विचार केला. "मी नाही आणलं," शेवटी म्हणालो. "ती बसनं आली. आपली आपण."

"पण तुम्ही काहीतरी बोलला असाल ना? काय बोललात?"

"शब्द सुचला नाही."

रशिदीचा चेहरा पडला. एवढा प्रवास करून त्याला हेच मिळणार होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सिदिकातचा आवाज आला. तळणीवर केळी चुरचुरत होती, तरी स्वच्छ ऐकू आला.

"सगळं सांगा त्याला, तितीचे बाबा! पालथे पडलात ते सांगा. आणि चांगला शर्ट घालून जाऊ नको म्हणावं!"